उलटे आटे

सायकलच्या बीबीचा, म्हणजे पेडलच्या दांड्या ज्या अक्षावर फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटचा, उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे तो काढायचा असेल तर पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो, हे मी शिकलो तेव्हा मला मिसरूडही फुटले नव्हते. उस्तादांनी ते एका वाक्यात सांगितले होते, "उजवा कप उलटा, डावा सुलटा, पेडलला याच्या बरोबर उलट." मी ते वाक्य पाढ्यासारखे पाठ केले आणि पुढची नऊ वर्षे त्या पाढ्याने मला कधी दगा दिला नाही. किती सायकली खोलल्या आणि पुन्हा जोडल्या याचा हिशेब मी ठेवला नाही, पण कप कोणत्या बाजूला फिरवायचा हे मला एकदाही थांबून आठवावे लागले नाही. हाताला ते माहीत होते.

दहाव्या वर्षी एक जुनी पोलादी फ्रेम माझ्याकडे आली. बारीक नळ्या, जोडांवर नाजूक नक्षी, रंग ठिकठिकाणी उडालेला, पण सांगाडा सरळ. ती घेऊन आलेल्या माणसाला ती त्याच्या वडिलांकडून मिळालेली होती आणि ती पुन्हा रस्त्यावर यावी एवढीच त्याची इच्छा होती. उजवा कप गंजून बसला होता. मी पाढ्याप्रमाणे घड्याळाच्या दिशेने जोर लावला, तो हलला नाही. तेल सोडून रात्रभर ठेवला आणि सकाळी पान्याच्या दांड्यावर लांब नळी चढवून सगळे वजन टाकले. आतून एक कोरडा, फाटल्यासारखा आवाज आला आणि पाना एकदम सैल पडला. नंतर कळले ते असे, की त्या फ्रेमला इटालियन मापाचे आटे होते आणि त्या मापात दोन्ही बाजूंचे कप सुलट्या आट्यांचेच असतात. मी कप काढत नव्हतो, रात्रीपासून तो आणखी आवळत होतो, आणि शेवटी आटेच गेले. फ्रेमच्या मालकाने मला एकही शब्द सुनावला नाही. त्याने फ्रेम उचलली आणि तो गेला.

सायकल मेकॅनिक होऊ पाहणारी मुले-मुली आता मला विचारतात, की रीतसर प्रशिक्षण घ्यावे की सरळ एखाद्या कार्यशाळेत कामाला लागावे. हा प्रश्न आला की मला आधी ती फ्रेम आठवते. उत्तर देण्याआधी मी थोडा वेळ गप्प राहतो, कारण या प्रश्नाचे जे उत्तर मला खरे वाटते ते "हो" किंवा "नाही" अशा एका शब्दात बसत नाही, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा तेवढाच एक शब्द हवा असतो.

त्या प्रसंगानंतर वर्षभरात मी काही आठवड्यांच्या एका अभ्यासक्रमाला गेलो. पहिले दोन दिवस मला राग येत होता. दहा वर्षे हात काळे केलेल्या माणसाला टायर रिमवरून कसा उतरवायचा हे कोणीतरी फळ्यासमोर उभे राहून सांगते आहे, हे पचवणे सोपे नव्हते. तिसऱ्या दिवशी शिक्षकांनी डाव्या हाताची मूठ सैल वळली, तिच्या पोकळीत एक पेन्सिल उभी धरली आणि पेन्सिलीचे वरचे टोक दुसऱ्या हाताने गोल फिरवायला सुरुवात केली. पेन्सिल मुठीच्या आतल्या कडेला टेकत टेकत फिरत होती आणि टोक ज्या दिशेने गोल जात होते त्याच्या उलट दिशेने ती स्वतःभोवती हळूहळू वळत होती. "हेच तुमच्या पेडलमध्ये होते," ते म्हणाले.

उजव्या बाजूने पाहिले तर क्रँक, म्हणजे पेडलची दांडी, घड्याळाच्या दिशेने फिरते, पण पायाचा भार सतत खालीच असतो. म्हणजे क्रँकच्या छिद्राच्या दृष्टीने पाहिले, तर तो भार छिद्राच्या कडेवरून उलट दिशेने चक्कर मारतो. पेडलचा अक्ष त्या छिद्रात कितीही घट्ट बसलेला असला तरी त्यात सूक्ष्म हालचाल असतेच, आणि त्या हालचालीमुळे तो पेन्सिलीसारखा भाराच्या चकरेच्या उलट, म्हणजे पुन्हा घड्याळाच्या दिशेने, गुंडाळत जातो. उजवीकडे सुलटे आटे असल्यामुळे तो आपोआप आवळला जातो. डावीकडे सगळे आरशातल्यासारखे पालटते, म्हणून तिथे उलटे आटे लागतात. साधा तर्क याच्या नेमका विरुद्ध जातो, कारण छर्‍यांच्या घर्षणाने अक्ष ओढला जाऊन सुटेल असे कोणालाही वाटेल. घर्षण तसे ओढतेही, पण फिरत्या भाराचा परिणाम त्यापेक्षा प्रबळ ठरतो. बीबीत भार निराळ्या रीतीने फिरतो, आटेही अक्षावर नसून कपावर असतात, म्हणून तिथे दिशा पालटते. इटालियन मापात मात्र उजवा कपही सुलटाच ठेवलेला असल्याने तो सैल होत जाण्याकडे कललेला असतो आणि बसवताना फार घट्ट आवळावा लागतो. माझ्या फ्रेमचा कप इतका का बसला होता, त्याचे अर्धे उत्तर मला तिथेच मिळाले.

उरलेले अर्धे उत्तर मापांच्या तक्त्यात होते. इंग्रजी मापाच्या बीबीचा व्यास 1.37 इंच, तो बसतो त्या नळीची रुंदी बहुधा 68 मिलिमीटर. इटालियन मापाचा व्यास 36 मिलिमीटर, रुंदी 70. दोन मिलिमीटरचा फरक. त्या दिवशी माझ्या खिशात पट्टी होती. मोजण्यासारखे काही आहे हेच ठाऊक नसल्यामुळे मी ती बाहेर काढली नाही.

वर्गात माझ्या शेजारी दोन तरुण बसले होते, ज्यांनी तोवर एकही बीबी खोलला नव्हता. पेन्सिलीचा प्रयोग पाहून त्यांनी वहीत आकृती काढली आणि पान उलटले. मला मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही. प्रयोग एकच होता, शिक्षकही एकच, पण ते उत्तर माझ्यापर्यंत पोहोचले याचे कारण प्रश्न माझ्याजवळ आधीच होता आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी वडिलांच्या सायकलने मोजली गेली होती. प्रशिक्षणाबद्दल माझे जे काही मत आहे ते या एका दुपारी तयार झाले आणि पुढच्या वर्षांत ते फारसे बदललेले नाही: प्रशिक्षण घ्यावे, अवश्य घ्यावे, पण हाताला प्रश्न पडू लागल्यानंतर घ्यावे.

कार्यशाळेत हाताला काय मिळते, हे चाकाच्या उदाहरणावरून सांगता येईल. चाकाचा आउट काढणे, म्हणजे डुगडुगणारी रिम आरे पिळून सरळ आणणे, हे या धंद्यातले सर्वांत जुने आणि माझ्या मते सर्वांत सुंदर काम आहे. मागच्या चाकात साधारण 32 किंवा 36 आरे असतात. गिअरच्या बाजूला दात्यांसाठी जागा सोडावी लागत असल्याने त्या बाजूचे आरे अधिक उभे आणि अधिक ताणलेले असतात, दुसऱ्या बाजूचे तुलनेने सैल. कोणताही एक आरा पिळला की त्याचा परिणाम शेजारच्यांवर होतो, डावीकडचा दोष काढताना वर-खालीचा दोष तयार होतो आणि तो काढायला जावे तर रिम मध्यावरून सरकते. हे सगळे एका तासाच्या व्याख्यानात नीट समजते. पण समजल्यानंतर जे चाक हातात येते ते शंभराव्या चाकापर्यंत त्या समजुतीला जुमानत नाही. निपल, म्हणजे आऱ्याच्या रिमकडच्या टोकावरचा छोटा नट, किती फिरवायचे, अर्धा फेरा की पाव, आरा स्वतः पिळला जातो आहे की निपल खरोखर पुढे सरकते आहे, हे बोटांनाच कळावे लागते आणि बोटांना शिकवण्याचा संख्येखेरीज दुसरा मार्ग मला माहीत नाही.

उस्ताद एका चाकाचा आउट दहा मिनिटांत काढत. मी त्यांच्याकडे पाहून ते शिकलो आणि तीन वर्षांत माझाही वेग जवळपास तेवढा झाला. माझी चाके स्टँडवर त्यांच्याइतकीच सरळ फिरत. फरक एवढाच होता, की त्यांची चाके वर्षभर परत येत नसत आणि माझी महिन्या-दोन महिन्यांत येत, कधी पुन्हा डुगडुगत, कधी आरा तुटून. मी त्यांना कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "घाई करतोस." मी सावकाश केले, तरीही चाके परत येत राहिली. आणखी एक गोष्ट मी पाहिली होती, पण तिच्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. काम संपल्यावर ते समांतर आऱ्यांच्या जोड्या दोन्ही तळव्यांत धरून जोराने दाबत, मग चाक सावकाश फिरवत त्यांच्यावरून नख ओढत आणि मान किंचित तिरकी ठेवत. ती मला लकब वाटे, विडी ओढणाऱ्याने काडी झटकावी तशी.

अभ्यासक्रमात माझ्या हातात आऱ्यांचा ताण मोजायचे मीटर आले. मी माझ्या पद्धतीने एक चाक सरळ केले आणि शिक्षकांनी ते मीटरने तपासायला सांगितले. रिम तर उत्तम फिरत होती, पण एकाच बाजूच्या आऱ्यांमध्ये एक करकचून ताणलेला आणि त्याच्या पलीकडचा जवळजवळ सैल, असा सगळा गोंधळ होता. दोन चुका एकमेकींना तोलून धरत होत्या आणि डोळ्यांना सरळ रिम दिसत होती. चाक फिरताना जो आरा रिमच्या तळाशी येतो त्याचा ताण थोडा कमी होतो आणि वर जाताना पुन्हा वाढतो. आधीच सैल असलेला आरा तळाशी आला की पूर्ण ढिला पडतो, त्याचे निपल हळूहळू सुटत जाते, आणि हजारो फेऱ्यांच्या या कमी-जास्तीने धातू थकून आरा बहुधा हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या, बाकावर, जिथे तो वळवलेला असतो तिथे, तुटतो. आरे जोडीने दाबण्याचे कारणही तिथेच कळले: पिळताना आऱ्यात साठलेला पीळ त्याने मोकळा होतो आणि बाकाजवळ धातूत राहिलेला अवाजवी ताण निवतो. नख ओढण्याचे कारण कोणी सांगितले नाही. ते मला मीटर खाली ठेवताना आपोआप समजले. सारख्या लांबीच्या आणि सारख्या जाडीच्या तारांचा ताण सारखा असेल तर त्यांचा सूरही सारखा निघतो. उस्ताद चाक ऐकत होते.

त्यांनी मला हे का सांगितले नाही, यावर मी बरीच वर्षे विचार केला आहे. लपवायचे म्हणून नक्कीच नव्हे, इतक्या मोकळ्या हाताने देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मला वाटते, आपण ऐकतो आहोत हे त्यांनाच माहीत नव्हते. ज्या उस्तादांकडून ते शिकले तेही नख ओढत असतील आणि ज्याचा कान तयार त्याने ते उचलले असेल. कार्यशाळेतल्या शिक्षणाची ताकद आणि मर्यादा दोन्ही यातच आहेत. तिथे ज्ञान हातातून हातात जाते, पण वाटेत त्याचे कारण गळून पडते. आणि कारण गळून पडलेले ज्ञान परिस्थिती तीच राहील तोवरच चालते.

परिस्थिती मात्र तीच राहिलेली नाही. चेनचेच पाहा. चेन लांबते असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणले जात नाही, पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजून प्रत्येक कडीत थोडी थोडी मोकळीक येते. पूर्वी पुढच्या चक्रावरून चेन बोटाने ओढून बघत. दात्याचे टोक दिसू लागले की बदलायची. जाड चेनसाठी ते पुरत असे. आता मागे 11 किंवा 12 दातेचक्रे असलेल्या सायकलींच्या बारीक चेन अर्धा टक्का झिजल्या की बदलाव्या लागतात, म्हणजे 12 इंच लांबीत एका इंचाचा सोळावा भाग. एवढी झीज बोटाला जाणवत नाही. बोटाला जाणवेपर्यंत मागचा महाग कॅसेट, म्हणजे त्या दातेचक्रांचा संच, त्या चेनबरोबर खाल्ला गेलेला असतो.

किंवा टायर घ्या. "26 इंची टायर" असे म्हटल्यावर नवशिक्याला वाटते की माप सांगून झाले. प्रत्यक्षात 26 इंच या नावाखाली रिमवर बसणारे 559, 571, 584, 590 आणि 597 मिलिमीटर व्यासाचे टायर आहेत आणि ते एकमेकांच्या रिमवर चालत नाहीत. उलट 29 इंची आणि 700 सी ही दोन निराळी नावे, पण दोन्हींचा व्यास 622 मिलिमीटरच. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत छापलेला मिलिमीटरचा आकडा वाचायची सवय लावण्यासाठी कोणत्याही वर्गाची गरज नाही, पण तो वाचायचा असतो हे कोणीतरी सांगावे लागते.

या गोष्टींत चूक झाली तर पैसा जातो. ब्रेक आणि कार्बन फायबरच्या भागांच्या बाबतीत माणूस जाऊ शकतो, आणि इथे माझे मत सर्वांत ठाम आहे. "करून बघ, बिघडले तर कळेल" ही कार्यशाळेची पद्धत पोलादी सायकलीवर वाढली. पोलाद सहनशील असते. जास्त आवळले तर वाकते, कुरकुरते, सूचना देते. कार्बनची दांडी बोल्टखाली चिरडली गेली तर ती बाहेरून जशीच्या तशी दिसू शकते आणि नंतर कधीतरी, उतारावर, वेगात, एकदम मोडते. हँडल धरणाऱ्या बोल्टवर अनेकदा 5 न्यूटन मीटरची मर्यादा लिहिलेली असते. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण अर्धा किलो वजन टांगावे एवढाच हा पीळ. कॅसेट जागेवर धरून ठेवणाऱ्या लॉकरिंगला 40 न्यूटन मीटर लागतात, म्हणजे आठपट. मी आणि माझ्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षे पहिला बोल्ट हवा त्यापेक्षा जास्त आणि दुसरा हवा त्यापेक्षा कमी आवळला आहे, कारण हाताला दोन्हीकडे एकच "घट्ट" ठाऊक होते. टॉर्क पाना हातात घेऊन पहिल्यांदा 5 न्यूटन मीटरला तो टक् करून सुटला तेव्हा मला वाटले की तो नादुरुस्त आहे.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तर दोन प्रकारचे द्रव चालतात, काही ब्रेकमध्ये खनिज तेल आणि काहींमध्ये मोटारीत वापरतात त्या जातीचे डॉट द्रव, आणि एकाच्या जागी दुसरे घातले तर आतली रबरी सील खराब होतात. ब्रेक त्याच क्षणी निकामी होत नाही, ही यातली भयंकर गोष्ट आहे. दुरुस्ती करणाऱ्याला ब्रेक उत्तम लागलेला दिसतो, सायकल जाते, आणि चुकीचे फळ दुसरा कोणीतरी भोगतो. डॉट द्रव हवेतले पाणी शोषून घेते, त्यामुळे डॉट 4 प्रकारचे द्रव कोरडे असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, तर पाणी मुरल्यावर ती किमान मर्यादा 155 अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापला, द्रवात वाफेचे बुडबुडे झाले, की ब्रेकची दांडी हँडलला टेकते आणि चाक थांबत नाही. हे चुकांमधून शिकण्याजोगे नाही. ज्याला असे ब्रेक खोलायचे आहेत त्याने आधी शिकावे, मग पाना उचलावा. इथे माझे "हाताला प्रश्न पडू लागल्यानंतर" हे म्हणणेही मी मागे घेतो.

एवढे म्हटल्यावर अभ्यासक्रमांबद्दलची तक्रारही सांगितली पाहिजे. वर्गातली सायकल स्वच्छ असते, बोल्टची डोकी शाबूत असतात, प्रत्येक कामाला नेमके हत्यार भिंतीवर टांगलेले असते. वर्गात कोणी आठ वर्षे पावसात उभी राहिलेली सायकल आणत नाही. सीटची नळी फ्रेममध्ये गंजून एकजीव झालेली, मडगार्डचा स्क्रू डोके गेलेला, कोणीतरी आधी पक्कड लावून नटाचे कोपरे गोल केलेले, आणि मालकाला ती उद्या सकाळी हवी, ही खरी परीक्षा आहे आणि तिचा पेपर कुठे काढला जात नाही. प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आलेला एक मुलगा फार हुशार होता, त्याला प्रत्येक भागाचे नाव आणि माप माहीत होते, पण पहिला गंजलेला नट हलला नाही तेव्हा तो पाना हातात घेऊन नुसता उभा राहिला. तो कमी पडत होता असे मी म्हणणार नाही. त्याला कोणी नकार देणारा नट दाखवलाच नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत तो तेल, उष्णता, धीर आणि योग्य वेळी हातोड्याचा एक टोला या गोष्टी शिकला, आणि आधी कारणे माहीत असल्यामुळे माझ्यापेक्षा किती तरी लवकर शिकला.

दुरुस्ती कुठे थांबवायची हेही वर्ग शिकवत नाही. समोरच्या माणसाचा सायकलवर जीव आहे की ती त्याची कामावर जाण्याची केवळ सोय आहे, नवा भाग घालायचा की जुन्यातच आणखी वर्ष काढायचे, "हे मला जमणार नाही" असे कधी म्हणायचे, हे निर्णय दिवसातून वीस वेळा घ्यावे लागतात आणि ते दुसऱ्याला घेताना पाहूनच शिकता येतात.

या वादात कोणीतरी हमखास राइट बंधूंचे नाव घेते. त्यांनी 1892 मध्ये डेटन शहरात सायकलचे दुकान काढले, दोघांकडेही शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते, आणि त्यांनी विमान उडवले. मग आम्हाला वर्ग कशाला? मला या उदाहरणाबद्दल आदर आहे, पण ते पूर्ण सांगावे. आधीच्या लोकांनी छापलेले आकडे आपल्या ग्लायडरशी जुळत नाहीत हे लक्षात आल्यावर त्या दोघांनी 1901 मध्ये लाकडी पेटीचा वातबोगदा तयार केला, करवतीची पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार वापरून त्यात बल मोजणारे तराजू बसवले आणि पंखांचे शे-दोनशे लहान नमुने एकेक करून तपासले. ज्यांच्याकडे ती शिस्त आहे त्यांना खरोखर कोणत्याही वर्गाची गरज नाही. त्यांनी स्वतःसाठी वर्ग उभा केलेला असतो. आपल्यातल्या बहुतेकांना मात्र, मलाही, ती शिस्त कोणीतरी लावावी लागते.

ज्या देशांनी हा धंदा गंभीरपणे घेतला त्यांनी हात आणि कारण यांची फारकत होऊ दिलेली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. जर्मनीत दुचाकी तंत्रज्ञाचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे असते आणि सायकल जोडणी-दुरुस्तीचे छोटे प्रशिक्षण दोन वर्षांचे. त्यातला मोठा भाग उमेदवार प्रत्यक्ष कार्यशाळेत काम करतो आणि उरलेला वेळ व्यवसाय शाळेत जातो, म्हणजे कामात अडलेला प्रश्न लवकरच शिक्षकाकडे नेता येतो. जपानमध्ये सायकल सुरक्षा तपासणाऱ्या तंत्रज्ञांसाठी परीक्षा आहे आणि तिला बसण्यासाठी प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाची अट राहिलेली आहे. अमेरिकेतल्या ॲशलँड गावात 1981 मध्ये सुरू झालेल्या युनायटेड बायसिकल इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांचे अभ्यासक्रम काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे असतात. ते काम शिकवून संपवतात असा समज करून घेतला तर पदरी निराशा येईल, पण आधी काम केलेल्याला ते फार काही देऊन जातात.

म्हणून विचारणाऱ्याला मी शेवटी जे सांगतो ते साधारण असे असते. आधी वर्षभर कुठेतरी काम कर, जिथे सायकली भरपूर येतात आणि जिथला मोठा माणूस तुझ्या चुकीवर पाना हिसकावून घेत नाही. खिशात एक वही ठेव आणि जे का होते ते कळले नाही ते रोज लिही. उत्तर शोधू नकोस, नुसते लिही. भाग बनवणाऱ्या कंपन्या आपल्या पुस्तिका मोफत उपलब्ध करून देतात, त्या वाच, कारण वर्ग परवडत नसेल तर अर्धा वर्ग तिथेच आहे. आणि वर्षाने ती वही घेऊन वर्गात जा. शिक्षक चांगला आहे की नाही हे तुला पहिल्याच दिवशी कळेल, कारण तुझ्याकडे तपासायला प्रश्न असतील. वर्षभर थांबण्याइतकी ज्याची परिस्थिती नाही, ज्याला आजच कमवायचे आहे, त्याला मी वर्गात जायला सांगत नाही. त्याला मी ब्रेक आणि कार्बन सोडून बाकी सगळे करायला सांगतो, आणि ती दोन कामे येतील तेव्हा माझ्याकडे पाठव म्हणतो. हे उत्तर अपुरे आहे, पण प्रामाणिक आहे.

अभ्यासक्रम संपल्यावर मी उस्तादांना भेटायला गेलो तेव्हा मीटर सोबत नेले होते. त्यांनी आदल्या दिवशी बांधलेले एक चाक भिंतीला टेकलेले होते. परवानगी घेऊन मी त्याचे आरे एकामागून एक मोजले. एका बाजूच्या सगळ्या आऱ्यांवर काटा जवळजवळ एकाच जागी थांबत होता. ते मला मोजताना पाहत होते. "ठीक आहे का?" त्यांनी विचारले, आणि मला बोलायला थोडा वेळ लागला.

मग मी त्यांच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि मूठ वळून तो प्रयोग करून दाखवला. त्यांनी पेन्सिल परत घेतली, स्वतः केला, पुन्हा केला, तिसऱ्यांदा उलट दिशेने केला. बराच वेळ ते आपल्या मुठीकडे पाहत राहिले. "एवढी वर्षं पोरांना मी नुसतं 'उलटा' म्हणत आलो," ते म्हणाले.

काही महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा त्यांच्याकडे एक नवा मुलगा होता, जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा. समोर उलटी केलेली सायकल, उजवा कप अर्धा बाहेर आलेला. काम थांबले होते. उस्ताद जमिनीवर उकिडवे बसले होते आणि त्या मुलाची मूठ आपल्या हातात धरून तिच्यात पेन्सिल फिरवत होते.